मुंडणानंतरची पावणेचार वर्षे: केस किती वाढले, किती टिकले

पार्श्वभूमी

मी सोलापुरात एकोणीस वर्षे ब्युटी पार्लर चालवते. ही हकीगत माझ्या एका गिऱ्हाइकाची आहे आणि तिला विचारूनच लिहिते आहे. तिची ओळख पटू नये म्हणून वय, कामाचे ठिकाण आणि नात्यागोत्यातले काही तपशील बदलले आहेत. मापे मात्र वहीत होती तशीच ठेवली आहेत.

ती पूर्व भागातली. घरात तेलुगू, दारात मराठी. वय ३७, पदरात दोन मुले. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर कामाला आहे, दिवसभर टॉवेलच्या कडा मारायच्या. तिची वेणी कमरेच्या खाली जायची आणि अख्ख्या गल्लीत तिची ओळख त्या वेणीवरूनच होती. सासूबाईंचे हृदयाचे ऑपरेशन ठरले तेव्हा तिने तिरुपतीला नवस बोलला. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या आणि त्या मे महिन्यात सगळे कुटुंब रेल्वेने तिरुपतीला गेले. बायकांनी तिथे तीन कात्र्या, म्हणजे कात्रीने कापलेल्या तीन बटा, दिल्या तरी चालते. पण नवस पूर्ण मुंडणाचा होता, त्यामुळे कल्याणकट्ट्यावर, म्हणजे तिथल्या मुंडणाच्या जागी, तिने सगळे केस दिले. याबद्दल तिला तेव्हाही दुःख नव्हते, आजही नाही. हे आधीच सांगते, कारण हा लेख नवसाबद्दल नाही.

दुःख नंतर सुरू झाले. परत आल्यावर जो तो सांगू लागला, "वर्षात येतील बघ, अन् पहिल्यापेक्षा दाट येतील." तिनेही मनात हिशेब मांडला: पुढच्या गड्ड्यापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेपर्यंत, खांद्याला, त्याच्या पुढच्या गड्ड्याला वेणी. मे ते दुसरी संक्रांत म्हणजे वीस महिने. वीस महिन्यांत वेणी.

हा हिशेब चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे तिला कोणी सांगितले नाही. मीही नाही.

अडचण

नोव्हेंबरात, म्हणजे मुंडणाला सहा महिने झाल्यावर, ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. केस सात सेंटीमीटरच्या आतबाहेर होते, चारी बाजूंनी उभे राहायचे. मी त्यांना जरा आकार दिला आणि वर्षानुवर्षे सगळ्यांना सांगत आले तेच तिलाही सांगितले: दर दोन महिन्यांनी ट्रिम करून घे, म्हणजे वाढ चांगली होते. ती आज्ञाधारक. जानेवारी, मार्च, मे, जुलै, न चुकता आली. दर वेळी मी दोनेक सेंटीमीटर खालून कापले.

सप्टेंबरात तिला डेंगी झाला. आठवडाभर ताप, पुढे महिनाभर अशक्तपणा. दिवाळीनंतर केस गळू लागले, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती आली ती हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. तीन दिवसांचे केस तिने पिशवीत जपून ठेवले होते. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "अक्का, माझं केस वाढेनातच बघा. मुळातच काहीतरी बिघडलंय."

मुंडणाला एकवीस महिने उलटले होते आणि टाळूवरचा सर्वांत लांब केस कसाबसा कानाच्या खाली पोहोचत होता. घरच्यांची बोलणी सुरू झाली होती. जाऊ म्हणत होती, पुन्हा एकदा मुंडण कर, या वेळी नीट दाट येतील. नणंदेने एका क्लिनिकचा पत्ता आणून दिला होता. ती स्वतः चार महिन्यांपासून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होती. कांद्याचा रसही लावून झाला होता. वासामुळे कारखान्यात शेजारी बसणारी मैत्रीण तोंड फिरवायची, ते हिला जास्त लागले होते.

आधी नेमके काय बिघडले आहे ते पाहिले

त्या दिवशी दुकानात दुसरे कोणी नव्हते, म्हणून मला वेळ होता. तिने आणलेले केस मी एका काळ्या कागदावर पसरले आणि भिंगाखाली एकेक टोक बघितले. गळलेल्या केसाच्या मुळाकडच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका असतो. तुटलेल्या केसाला तो नसतो, त्याची दोन्ही टोके नुसतीच असतात. साठ केस वेगळे काढले. अडतीस ठिपक्याचे, बावीस बिनठिपक्याचे. म्हणजे तिच्या डोक्यावर दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या, आणि ती दोन्हींना "वाढत नाहीत" असेच म्हणत होती.

मग मेंदीने मोठे काम केले. तिच्या कपाळापाशी आणि कानशिलांवर पांढरे केस आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने मेंदी लावली होती, त्यामुळे ते केस नारिंगी झाले होते, आणि मुळाशी नंतर आलेला भाग पांढराच होता. पांढरे कुठे संपते आणि नारिंगी कुठे सुरू होते, ती रेघ इतकी स्वच्छ होती की टेप लावून मोजता आली. सव्वाचार सेंटीमीटर. जेमतेम पावणेचार महिन्यांत.

म्हणजे महिन्याला १.१ सेंटीमीटरच्या थोडे वर. डोक्यावरचा केस साधारण महिन्याला एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, वर्षाला बारा ते पंधरा. तिचा केस अगदी इतरांसारखाच वाढत होता. मुळात काहीही बिघडलेले नव्हते.

मी तिच्यासमोरच वहीत हिशेब मांडला. मुंडण म्हणजे शून्य. असा स्वच्छ शून्य फार कमी बायकांच्या बाबतीत मिळतो. साडेएकवीस महिने गुणिले १.१२, म्हणजे चोवीस सेंटीमीटर. डोक्यावर प्रत्यक्षात होते चौदा. दहा सेंटीमीटर गेले कुठे? जुन्या वहीत माझ्या चार ट्रिमच्या नोंदी होत्या. चार वेळा दोन, म्हणजे आठ. उरलेले दोन टोकाकडून तुटून गेले.

ही बेरीज लिहिताना माझा हात थांबला. दोन महिन्यांत केस सव्वादोन सेंटीमीटर वाढायचा आणि मी त्यातले दोन कापायचे. आठ महिने त्या बाईची जवळजवळ सगळी वाढ माझ्या दुकानाच्या फरशीवर पडली होती, आणि तिचे पैसे घेऊन मी ती केरात टाकली होती. ट्रिमने वाढ होते ही समजूत मला शिकवणाऱ्या बाईंनी दिली, मी ती पुढे दिली, आणि कोणी मोजून पाहिले नाही. केसाची वाढ टाळूच्या आत, मुळाशी होते. खालचे टोक निर्जीव असते. ते कापल्याची खबर मुळाला लागण्याची काही सोयच नाही. ट्रिमचा उपयोग एवढाच की फाटे फुटलेले टोक कापले तर ते वर चिरत जात नाही. त्यासाठी अर्धा सेंटीमीटरही पुरतो.

मी तिला हे सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने फक्त विचारले, "मग वेणी कधी, अक्का?"

खरे उत्तर

टाळूपासून कमरेपर्यंत यायला तिच्या उंचीला सुमारे पासष्ट सेंटीमीटर केस लागतो. मध्ये काहीही न तुटता, न कापता सरळ वाढ झाली, तरी शून्यापासून पाच वर्षे. त्यातली जवळजवळ दोन गेली होती आणि हातात चौदा सेंटीमीटर होते. म्हणजे इथून पुढे चार ते साडेचार वर्षे.

याला आणखी एक बाजू आहे. प्रत्येक केस ठरावीक काळच वाढतो. कोणाचा दोन वर्षे, कोणाचा सहा. मग तो दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबवतो, सुमारे तीन महिने नुसता मुळात बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा सुरू होतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणे हे साधेच आहे. ज्या बाईचा केस तीनच वर्षे वाढतो, तिची वेणी कितीही निगा राखली तरी कमरेला पोहोचत नाही, आणि त्यात तिची काही चूक नसते. या बाईची वेणी लग्नाआधीपासून कमरेखाली होती, म्हणजे तिचे केस पाच वर्षांहून जास्त वाढणारे होते. वयाबरोबर हा काळ थोडा कमी होऊ शकतो. म्हणून मी तिला सांगितले: पाठीच्या मध्यापर्यंतची खात्री मी देते, कमरेची देत नाही.

असे उत्तर गिऱ्हाइकाला देणे धंद्याच्या दृष्टीने अवघड असते. साडेचार वर्षे हा आकडा ऐकून माणूस दुसऱ्या दुकानात जातो, जिथे तीन महिने सांगतात. ती गेली नाही, याचे कारण मला वाटते ती मेंदीची रेघ. ती तिने स्वतःच्या डोळ्यांनी आरशात बघितली होती.

कोणते पर्याय समोर होते

पुन्हा मुंडण. जावेचा आग्रह मोठा होता. वस्तऱ्याने केसाच्या मुळाची संख्या वाढत नाही आणि जाडीही बदलत नाही. नव्याने आलेल्या केसाचे टोक बोथट असते, सगळे एका लांबीचे असतात, म्हणून हाताला दाट लागतात. मुंडण केले असते तर चौदा सेंटीमीटर आणि एक वर्ष फुकट गेले असते. हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवला, पण जावेला समजावायला तिला दोन महिने लागले.

क्लिनिकचे पॅकेज. रक्त काढून त्यातला भाग डोक्यात टोचायचा, चार बैठका, चोवीस हजार रुपये. तिच्या पगाराच्या मानाने हे किती मोठे आहे ते कारखान्यात काम करणाऱ्या कोणालाही कळेल. ती उपचारपद्धती प्रामुख्याने केस विरळ होत जाण्याच्या आजारासाठी वापरतात. तिला तो आजार आहे की नाही हे कोणी तपासलेच नव्हते. तपासणीआधी पैसे भरायचे नाहीत, एवढे आम्ही ठरवले.

मिनॉक्सिडिल. तिचा भाऊ औषधाच्या दुकानात कामाला असल्याने त्याने आणून द्यायची तयारी दाखवली होती. हे खरे औषध आहे, पण ते टक्कल पडण्याच्या विशिष्ट प्रकारावर. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात, सुरुवातीला गळती वाढू शकते, आणि सोडले की मिळालेले जाते. हा निर्णय डॉक्टरांचा, माझा नव्हे.

स्मूदनिंग. माझ्याच दुकानात होते, आणि केस सरळ झाले की दोन-तीन सेंटीमीटर लांब दिसतात. आधीच तुटणाऱ्या केसावर रसायन आणि तापलेली इस्त्री चालवायची मला हिंमत झाली नाही.

गंगावन. मे महिन्यात दिराचे लग्न होते आणि तिला अंबाडा हवा होता. चौदा सेंटीमीटरला गंगावन नीट बसत नाही, ओढ बसते. म्हणून त्या लग्नापुरते मोकळे केस, कानामागे दोन पिना आणि मोगऱ्याचा लहानसा गजरा यावर तिची समजूत घातली. ती थोडी रडली. मी जवळ बसून राहिले.

डॉक्टरांकडे

गळती आणि तुटणे या दोन्हींत माझ्या हातात फक्त तुटणे होते. गळतीसाठी तिला सिव्हिलच्या त्वचा विभागात पाठवले. रजा टाकून गेली, सकाळची रांग, दुपारी नंबर.

तिथे जे कळले ते मला आज गळतीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला सांगावेसे वाटते. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, झपाट्याने उतरलेले वजन, यानंतर पुष्कळ केस एकदमच वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. डेंगी सप्टेंबरात, गळती दिवाळीनंतर. ठरल्या वेळेला आली होती. अशी गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप ओसरते आणि त्या जागी केस परत येतात. आपण मात्र त्या सहा महिन्यांत तीन तेले बदलतो, आणि ज्या तेलावर असताना गळती थांबते त्या तेलाला श्रेय देतो. माझ्या कपाटातली निम्मी तेले अशीच खपली असतील.

रक्तात हिमोग्लोबिन ९.६ निघाले. बाईमाणसाला किमान १२ हवे. साठवलेले लोह, म्हणजे फेरिटिन, फक्त ९. त्यामागे पाळीत जास्त रक्तस्राव होता आणि तो ती "असतंच की" म्हणून काढत होती. भारतात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्ताची कमतरता आहे, असे २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले, ५७ टक्के. त्यामुळे ती यात एकटी नव्हती.

एक गोंधळ मात्र थोडक्यात सुटला. डिसेंबरात तिने बाहेर थायरॉईड तपासले होते आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, खूप कमी आले होते. दोन महिने ती त्या कागदाच्या भीतीत होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: गोळ्या कोणत्या घेता? बायोटिन, दहा मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ती गरजेच्या तीनशेपटीहून जास्त घेत होती. बायोटिनचा एवढा डोस रक्ताच्या काही तपासण्यांत ढवळाढवळ करतो आणि टीएसएच खोटे कमी दाखवू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. काही दिवस गोळ्या बंद ठेवून पुन्हा तपासले, टीएसएच व्यवस्थित. बायोटिनची खरी कमतरता तशी दुर्मीळच, आणि तिला ती नव्हती. गोळ्या कायमच्या बंद झाल्या.

टक्कल पडण्याचा प्रकार नव्हता. मिनॉक्सिडिलची गरज नाही, पॅकेजची तर नाहीच. लोहाच्या गोळ्या आणि पाळीसाठी स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी, एवढे घेऊन ती परत आली.

प्रत्यक्षात काय केले

कात्री सहा महिने बंद. त्यानंतरही फक्त फाटे फुटलेली टोके, उजेडात बसून, एकेक शोधून.

धुण्याचा प्रश्न सोलापुरात पाण्याचा प्रश्न असतो. तेव्हा महापालिकेचे पाणी चार-पाच दिवसांआड यायचे, मधल्या दिवसांत घरच्या बोअरचे. तिचे बोअर इतके जड की नळाच्या तोंडाला पांढरे खवले धरलेले. त्यावर ती डोक्याला साबण लावायची. जड पाण्यातला चुना आणि साबण मिळून चिकट साय धरते, ती केसावर बसते, केस खरखरीत होतात, आणि मग फणी ओढली की तुटतात. साबण बंद करून साधा शाम्पू आणि नंतर कंडिशनर सुरू केला. नळाचे पाणी येईल त्या दिवशी डोके धुवायचे, आणि तसे जमले नाही तर शेवटचे दोन तांबे साठवलेल्या नळाच्या पाण्याचे.

धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल. तेलाने केस वाढत नाही, पण खोबरेल केसात मुरते आणि धुताना केसातले प्रथिन कमी निघते, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे. तोच प्रयोग सूर्यफूल तेलाने केला तेव्हा असा फायदा दिसला नाही.

पुसणे ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नसती. एकदा ती दुकानात केस धुऊन उठली आणि सवयीने टॉवेल घेऊन दोन्ही तळव्यांमध्ये केस चोळू लागली, जसे आपण पायपुसण्यावर पाय पुसतो. कारखान्यातून दोषाचे म्हणून स्वस्तात मिळालेले नवे, करकरीत टॉवेल घरात भरपूर होते. ओला केस कमकुवत असतो, ताणला की लांबतो आणि तुटतो. तिला आईच्या जुन्या धुवट लुगड्याचा तुकडा वापरायला सांगितला, चोळायचे नाही, दाबून पाणी टिपायचे. "टॉवेल शिवणारी मी, अन् टॉवेलच सोडायचा," असे म्हणाली, पण सोडला.

बारीक दातांच्या फणीऐवजी रुंद दातांचा कंगवा, खालून वर गुंता सोडवत. ओले केस बांधायचे नाहीत. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही, कारण चहाने लोह कमी शोषले जाते. हे तिला सगळ्यात जड गेले. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाचटणी ती खायचीच. जेवणात लिंबू पिळायची भर घातली.

आणि मोजणी. दर तीन महिन्यांनी, त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, तिच्याच शिलाईच्या टेपने, तीन ठिकाणी: टाळूचा मध्य, कपाळाची कड आणि मानेचा खड्डा. मध्ये आरशात मोजायचे नाही, शेजारणीला विचारायचे नाही. दर महिन्याला एक सेंटीमीटर डोळ्याला दिसत नाही. तीन महिन्यांचे तीन सेंटीमीटर टेपला दिसतात.

मधला धक्का

मेचे माप चांगले आले. ऑगस्टचे बिघडले: टाळूवर साडेतीन वाढले होते, पण मानेवर डावीकडे जेमतेम दीड. घरी परत चर्चा सुरू झाली, पुन्हा गोळ्यांचा विषय निघाला. इथे निर्णय घ्यायचा होता, की सगळे बदलायचे का कारण शोधायचे.

मी तिला म्हटले, कारखान्यातून जशी निघतेस तशीच ये. संध्याकाळी सहाला स्कूटीवरून आली. डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, कारखान्यात उडणाऱ्या कापसाच्या कणांसाठी आणि रस्त्यावरच्या उन्हासाठी. उन्हाळ्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, त्यामुळे एप्रिलपासून तो स्कार्फ दिवसभर निघतच नव्हता. गाठ डाव्या कानामागे, घट्ट, आणि कापड सिंथेटिक, खरखरीत. गाठ सोडली तेव्हा तिच्या आत सात-आठ तुटके केस अडकलेले होते. बिनठिपक्याचे.

मऊ सुती ओढणी आणि गाठ हनुवटीखाली. बाकी काहीही बदलले नाही. नोव्हेंबरच्या मापात डावी बाजू उजवीइतकीच वाढली.

परिणाम

पहिल्या चार महिन्यांत हिमोग्लोबिन बाराच्या वर गेले, फेरिटिनला आणखी पाच महिने लागले. गळती एप्रिलमध्येच थांबली होती. त्यात ताप ओसरल्याचा वाटा किती आणि लोहाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. लोहामुळे केस लांब झाले असा दावा मी करणार नाही. जिना चढताना ती थांबायची, ते बंद झाले, हे मी पाहिले आहे.

फेब्रुवारी ते फेब्रुवारी, टाळूवर चौदाचे सव्वीस सेंटीमीटर झाले. वर्षात साडेतेरा वाढले, दीड गेले. मुंडणाला पावणेतीन वर्षे झाली होती आणि केस खांद्याला टेकले. आदल्या वर्षाच्या गळतीनंतर उगवलेले नवे केस भांगेच्या दोन्ही बाजूंना बोटभर उभे राहायचे. तिला ते विस्कटलेले वाटायचे, मला ते बघून बरे वाटायचे.

त्यानंतरच्या वर्षी सदतीस. या वर्षी थोडे जास्त गेले, कारण भाचीच्या लग्नात तीन दिवस घट्ट अंबाडा आणि त्यात गंगावन, वर वजनदार गजरा. आता गंगावन बसत होते, म्हणून मीही नाही म्हणाले नाही. नंतर कानशिलांवर ओढ बसून काही केस गेले. शेंडा अजून विरळ आहे, कारण गळतीनंतर उगवलेले केस इतरांच्या मागे आहेत, त्यांना तिथवर यायला वेळ लागेल.

पावणेचार वर्षांनी वेणी पाठीच्या पात्यांपर्यंत येते. कमरेला अजून अठ्ठावीस सेंटीमीटर कमी आहेत, म्हणजे याच वेगाने अडीच वर्षे.

वेगळे काय करता आले असते

नोव्हेंबरच्या पहिल्याच भेटीत मी टेप लावायला हवी होती. तिला "वीस महिन्यांत वेणी" वाटते आहे हे मी विचारले असते तर तिथेच तो हिशेब दुरुस्त झाला असता, आणि आठ सेंटीमीटर तिच्या डोक्यावर राहिले असते. ही माझी चूक आहे. ट्रिमचे पैसे मी तिला परत देऊ केले. तिने घेतले नाहीत, त्यामुळे तिचे मापाचे आणि टोकांचे काम मी पैसे न घेता करते.

डेंगी झाल्याचे कळले तेव्हाच दोन-तीन महिन्यांनी गळती येईल हे सांगून ठेवता आले असते. माहीत असलेली गळती माणूस सहन करतो. अचानक आलेल्या गळतीत तो गोळ्या घेतो.

गोळ्यांआधी रक्त तपासायला हवे होते. क्रम उलटा झाला आणि त्यातून थायरॉईडची खोटी भीती आली.

सगळे बदल आम्ही एकदम केले, म्हणून साबण सोडल्याने किती फरक पडला आणि टॉवेल सोडल्याने किती, हे सांगता येत नाही. ज्या गोष्टीचा परिणाम खात्रीने कळला ती एकच, स्कार्फची गाठ, कारण त्या वेळी फक्त तेवढेच बदलले होते. आता नव्या गिऱ्हाइकाला मी एका वेळी एकच बदल सांगते, तीन महिने थांबते, मग दुसरा. लोकांना हे मंद वाटते.

भाचीच्या लग्नातल्या अंबाड्याबद्दल मात्र आम्हा दोघींचे एकमत नाही. मला वाटते तो सैल बांधायला हवा होता. ती म्हणते, तीन वर्षांनी आरशात स्वतःचा अंबाडा बघितला, एवढे केस गेले तर जाऊ देत.

गेल्या महिन्यात जाऊ तिच्याबरोबर आली होती. जावेच्या मुलीचे केस "वाढेनात" म्हणून. ती काही विचारायच्या आधीच हिने पर्समधून टेप काढली आणि मुलीला खिडकीपाशी उजेडात बसवले.